जुना वाडा कुणाचा होता? कागद कुठे आणि कसे शोधायचे

महाराष्ट्रातला कुठलाही जुना वाडा घ्या, घरातली माणसं तो पेशवेकालीन असल्याचं सांगतात. खापरपणजोबांना तो इनाम मिळालेला असतो, परसातून भुयार निघतं आणि ते थेट नदीला नाहीतर किल्ल्याला जाऊन भिडतं. या गोष्टी जरूर लिहून ठेवाव्यात, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून. शोधाची सुरुवात मात्र सिटी सर्व्हे नंबरापासून, म्हणजे नगर भूमापनात जागेला पडलेल्या क्रमांकापासून करावी. घर पडतं, पुन्हा बांधलं जातं, आडनावं बदलतात, दत्तक जातात. जमीन जागची हलत नाही, आणि सरकारने पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या त्या जमिनीच्या.

वहीत पहिल्यापासून तीन रकाने पाडा: जागा, इमारत, माणसं. तिन्हींचं वय वेगळं असतं आणि तिन्हींचे कागद वेगळ्या कचेऱ्यांत असतात. जागा सहा पिढ्या एकाच घराण्याकडे, त्यावरची इमारत १९१० च्या सुमाराची आणि राहणारे सगळे भाडेकरू, असं सर्रास असतं. ‘वाडा दोनशे वर्षांचा आहे’ या वाक्यातली दोनशे वर्षं नेमकी कशाची, हे रकाने पाडले की कळतं. आणि काम नेहमी आजपासून मागे करायचं. मूळ पुरुषापासून पुढे यायला निघालेला माणूस बहुधा भलत्याच घराण्यात जाऊन पोचतो.

मिळकत पत्रिका आणि तिच्या मागचे कागद

शहरात किंवा नगर भूमापन झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका, म्हणजे बोलीतलं प्रॉपर्टी कार्ड, हा पहिला कागद. ती ऑनलाइन मिळते, पण ऑनलाइन मिळणारी संगणकीकृत पत्रिका आपल्या कामाला अपुरी पडते. उप अधीक्षक भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात (मोठ्या शहरांत नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे) नकलेचा अर्ज करा आणि त्यात नेमकं लिहा: सुरुवातीपासूनच्या हस्तलिखित मिळकत पत्रिकेची नक्कल, चौकशी नोंदवहीचा उतारा, सनद, आणि त्या शीटचा नकाशा. नुसतं ‘जुने रेकॉर्ड मिळावे’ असं लिहिलंत तर नुसती आजची पत्रिका हातात पडते.

यातली चौकशी नोंदवही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी मागितली जाणारी. नगर भूमापन पहिल्यांदा झालं तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीवर कोण हक्क सांगतो, कशाच्या आधारे सांगतो, हे तपासून तिथे लिहिलं. ‘वडिलोपार्जित वहिवाट’, ‘अमक्या सालच्या खरेदीखताने’, ‘भाऊवाटणीने’ असे आधार तिथे सापडतात. कधी शेजाऱ्याची भिंतीबद्दलची, पन्हळीच्या पाण्याबद्दलची हरकतही असते. वाड्याची सामाईक भिंत नक्की कुणाची, यावर दोन घरांत तीन पिढ्या अबोला असेल तर त्याचं मूळ बरेचदा इथेच निघतं. आजचं भूमापन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली चालतं. त्याआधीचं काम जुन्या मुंबई इलाख्यात १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याखाली झालं. त्यामुळे गावागणिक चौकशीचं साल वेगळं. ते साल कळलं की भूमापनाच्या मार्गाने मागे कुठवर जाता येईल हेही कळतं.

आता पत्रिकेवरची एक ओळ वाचू. हस्तलिखित पत्रिकेत साधारण अशी नोंद असते: ‘१२/३/५८, वारसाने. मयत अमुक बिन तमुक यांचे वारस (१) अमुक, स्वतः व ए.कु.मॅ. (२) तमुकाबाई कोम अमुक (३) अमुक, अ.पा.क. आई नं. २.’

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकट्याचं दिसलं तरी मिळकत सगळ्या भावांची आहे, हे ही तीन अक्षरं सांगतात आणि इथेच पुष्कळ लोक चुकतात. थोरल्याचं नाव पाहून ‘धाकट्यांना हिस्सा दिलाच नाही’ असा निष्कर्ष काढतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिसरा वारस १९५८ मध्ये अज्ञान होता, म्हणजे तो १९४० नंतर जन्मलेला. जन्मदाखला हाती नसताना जन्मसालाचा अंदाज मिळाला. तारीख मात्र नोंदीची आहे, मृत्यूची नव्हे. वारसनोंद लोक गरज पडेल तेव्हाच करतात: कर्ज काढायचं असेल, विकायचं असेल, भाऊबंदकी पेटली असेल. माणूस १९४२ ला गेला आणि नोंद १९५८ ला झाली, यात नवल काहीच नाही.

मुलींबद्दलही एक खबरदारी. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याआधीच्या वारसनोंदींत मुलींची नावं सहसा येत नाहीत. पत्रिकेत मुली दिसत नाहीत म्हणून वंशावळीत ‘दोन मुलगे’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

क्षेत्राचा आकडाही वाचण्यासारखा असतो. जुन्या पत्रिकेत तो चौरस वारात, नव्या पत्रिकेत चौरस मीटरमध्ये. एक चौरस वार म्हणजे ०.८३६ चौरस मीटर. २५० वारांचे २०९ मीटर व्हायला हवेत. ते १८० च भरत असतील तर मधे काहीतरी घडलं आहे. रस्ता रुंदीत दर्शनी भाग गेला असेल, किंवा फाळणी होऊन नवा पोटनंबर पडला असेल. वाड्याचा दिंडी दरवाजा एका कडेला विचित्र सरकलेला का दिसतो, याचं उत्तर कधी कधी या वजाबाकीत असतं. फाळणी झाली असेल तर शेजारच्या पोटनंबराच्या पत्रिकाही काढा, कारण जुन्या नोंदी मूळ नंबराच्या पत्रिकेवरच राहिलेल्या असतात.

नकाशाची शीट बहुधा १:५०० प्रमाणात असते. वाड्याचा चौक, विहीर, बोळ त्यात ओळखू येतात. आजचा मोजलेला आराखडा त्याच प्रमाणात काढून वर ठेवला की कोणता भाग भूमापनानंतर वाढवला ते दिसतं.

नोंदणी कार्यालयातलं काम

पत्रिकेवरून नावं आणि सालं हातात आली की दुय्यम निबंधक कार्यालय. उलट क्रमाने गेलात तर खंडांच्या ढिगात हरवाल.

नोंदणी कायदा १९०८ चा. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. त्याच्या दोन सूच्या आहेत: सूची एक नावांवरून, सूची दोन मिळकतीवरून. ‘इंडेक्स टू’ सगळ्यांना माहीत असतो, पण जुन्या घरासाठी सूची एक अधिक कामाची. १९२० च्या दस्तात सिटी सर्व्हे नंबर नसेलही. तिथे ‘पेठ अमुक, म्युनिसिपल घर नंबर तमुक’ एवढंच असतं. नावाने शोधताना आडनावाच्या दोन-तीन लेखनपद्धती, आडनावाऐवजी हुद्दा (कुलकर्णी, देशपांडे, जोशी), आणि नुसतं पहिलं नाव, असं सगळं पाहावं लागतं. पत्रिकेवरच्या तारखेच्या आधीची पाच आणि नंतरची दोन वर्षं शोधात धरा.

पुस्तक १ आणि त्याच्या सूच्या कुणालाही पाहता येतात, नक्कलही मिळते. मालक असण्याची अट कायद्याच्या कलम ५७ मध्ये नाही. मृत्युपत्रांचं पुस्तक क्रमांक ३ वेगळं. करून देणारा हयात असेपर्यंत ते इतरांना बंद असतं, गेल्यानंतर अर्ज करून नक्कल मिळते. ऑनलाइन शोधाचा उपयोग साधारण २००२ नंतरच्या दस्तांपुरता. त्याआधीचे खंड कचेरीत जाऊनच पाहायचे. कार्यालयांच्या हद्दी वारंवार बदलल्या आहेत, म्हणून ‘त्या साली ही पेठ कोणत्या निबंधकाकडे होती’ हा प्रश्न आधी विचारा. निम्मी पायपीट वाचते.

खरेदीखतात पैशापेक्षा दोन परिच्छेद महत्त्वाचे. एक, मिळकत देणाऱ्याकडे कशी आली ते सांगणारा. त्यात आधीच्या दस्ताचा नंबर किंवा निदान साल असतं, त्या धाग्याने मागचा दस्त काढायचा. दुसरा, चतुःसीमा. ‘पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी बोळ, पश्चिमेस तमक्याचा पडीक वाडा.’ आपल्या वाड्याचा एखादा दस्त सापडतच नसेल तर शेजाऱ्यांचे दस्त काढा. त्यांच्या चतुःसीमेत आपला त्या वेळचा मालक नावानिशी उभा असतो. साखळीतली तुटलेली कडी जोडायची ही सगळ्यात खात्रीची युक्ती आहे, आणि चिकाटीचीही.

‘मुदत खरेदी’ हे शब्द दिसले तर थांबा. ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की मिळकत परत, अशी ही खरेदी. कागदावर विक्री, व्यवहारात बहुतेकदा गहाण. या दस्तावरून सावकाराला मालकांच्या यादीत घालाल आणि मग दहा वर्षांनी जुनंच घराणं पुन्हा कसं आलं म्हणून डोकं खाजवाल. परतफेडीचा दस्त त्याच पुस्तकात पुढे कुठेतरी असतो. कबजेगहाणात तर सावकार किंवा त्याचा माणूस प्रत्यक्ष राहायलाही येत असे.

काही गोष्टी इथे सापडणारच नाहीत. तोंडी वाटणी, वारसाने झालेली बदली, आणि शंभर रुपयांच्या आतले जुने व्यवहार. शंभराच्या खालच्या विक्रीला नोंदणी सक्तीची नव्हती आणि एकोणिसाव्या शतकात लहान घर तेवढ्यात येत असे. दस्त नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, असं समजू नये.

राहत कोण होतं?

आतापर्यंतचे कागद मालकांचे. वाड्यात मात्र मालक दोन खोल्यांत आणि बिऱ्हाडं बारा, अशीही स्थिती असते. बिऱ्हाडांचा माग लागतो तो नगरपालिकेच्या करआकारणी नोंदवहीत. तिथे मालकाशेजारी भोगवटादाराचं नाव, मजले, खोल्यांचा वापर आणि ठरवलेलं भाडं असतं. दोन फेरआकारण्यांमधली तुलना फार बोलकी असते. एका नोंदीत ‘माती, कौलारू, तळमजला’ आणि पुढच्या नोंदीत ‘वीट, पहिला मजला’ असेल, तर बांधकामाचं साल दहा-पंधरा वर्षांच्या फटीत सापडलं. घर नंबर मात्र फेरआकारणीत बदलतात. प्रत्येक वेळी जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही टिपून ठेवले नाहीत तर पुढच्या रजिस्टरात शेजाऱ्याचं घर आपलं म्हणून उतरवून घ्याल.

भाडेकरूंचे आणखी कागद म्हणजे भाडेपावत्या, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे दावे, १९५१-५२ पासूनच्या मतदार याद्या, पाणी आणि विजेच्या जोडण्या. दाव्याच्या फायलीत कधी कधी आख्खा नकाशा लावलेला असतो, कोणती खोली कुणाकडे हे रंगवून.

खेड्यातल्या वाड्याला सिटी सर्व्हे नसेल तर ग्रामपंचायतीची करआकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८. हा नमुना आणि तलाठ्याकडचा गाव नमुना ८अ यांत गल्लत फार होते. ८अ शेतजमिनीच्या खात्याचा, त्यात गावठाणातलं घर नसतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा कागद असून मालकीचा पुरावा नव्हे, पण राहणारा कोण ते सांगतो. अलीकडे ड्रोनने गावठाणांचं भूमापन होऊन नव्या मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यांना मागचा इतिहास नसतो, नंबर तेवढा मिळतो.

प्रांताप्रमाणे कागदांची नावं बदलतात हेही ध्यानात ठेवा. मराठवाड्यात निजामी अंमलातले कागद उर्दूत, आणि १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक हा मागे जाण्याचा मुख्य दुवा. नागपूर-वऱ्हाडाकडे नझूलची, म्हणजे शहरातल्या सरकारी जागेची नोंद विचारा. मुंबईत एकाच जागेला कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लाफ्टन सर्व्हे नंबर आणि कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर असे चार-चार आकडे असू शकतात. लाफ्टन यांचं सर्वेक्षण १८६५ ते १८७२ मधलं. दस्तात नुसता ‘सर्व्हे नंबर’ लिहिलेला असेल तर तो यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भूमापनाच्या आधी: मोडी आणि रुमाल

इथपर्यंत येणारे पुष्कळ, इथून पुढे जाणारे थोडे. पुढचे कागद मोडीत आहेत, आणि ते घरांच्या नावाने लावलेले नाहीत.

पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेलं आहे. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिसी अशी त्याची खातेवार मांडणी आहे. ‘आमच्या वाड्याचे कागद दाखवा’ म्हणून तिथे काही हाती लागत नाही. घराण्यातलं कुणी कारकून, शिलेदार, सावकार, वतनदार होतं का, कोणत्या प्रांतात, साधारण कोणत्या सालात, हे घेऊन गेलं तर सूचीतून वाट काढता येते. इनाम असल्याची आठवण असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या इनाम कमिशनचे कागद पाहा. इनाम टिकवायचं तर घराण्याला कैफियत आणि वंशावळ द्यावी लागे, त्यामुळे तिथे चार-पाच पिढ्या एकत्र मिळतात. हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेली वंशावळ असल्याने तिच्यात नको असलेली शाखा गाळलेली असू शकते, एवढं लक्षात ठेवून वाचायची. पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले आहेत. मोडी येत नसेल तर आधी त्यांच्या सूच्या चाळा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि कोल्हापूर, नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथली पुरालेखागारं, ही बाकीची ठिकाणं.

घर साधं असेल, घराणं दरबारी नसेल, तर इथे काही सापडण्याची शक्यता कमीच. खानेसुमारीची, म्हणजे घरगणतीची एखादी यादी त्या पेठेची निघाली तर ती लॉटरी समजा.

घरातल्या पेटीत मोडी कागद असतील तर ते आधी जसे आहेत तसे छायाचित्रित करा, घड्या उलगडण्याआधी गठ्ठ्याचा क्रम टिपून. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको. दोन्हींनी कागद कायमचा जातो. वाचून घेताना फोटो दोन्ही बाजूंचा द्या, कारण पाठीवर बहुधा कुणाकडचा कागद ते लिहिलेलं असतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि अक्षरं एकमेकांत अडकतात, त्यामुळे नावांच्या बाबतीत दोन वाचकांकडून स्वतंत्र वाचन करून घेतलेलं बरं. मजकूर संदर्भाने लागतो, नाव संदर्भाने लागत नाही.

तारखेचं गणित एकदा नीट शिकून घ्यावं. कागदावर ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ असं असेल तर शेवटापासून वाचा: अलफ १०००, मया १००, सबैन ७०, अर्बा ४. झाले ११७४. हे शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७७३. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून ते १७७३ च्या मृगापासून १७७४ च्या मृगापर्यंत धरायचं आणि कागद जानेवारीतला असेल तर ६०० मिळवायचे. फसली सन याच्यापेक्षा नऊने पुढे असतो, म्हणजे तेच वर्ष फसली ११८३. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते चैत्र प्रतिपदेपर्यंत ७९. याच वर्षाचा शक १६९५, विजयनाम संवत्सर. संवत्सराचं नाव म्हणजे फुकटचा पडताळा. आकडा पुसट असेल आणि संवत्सर वाचता येत असेल तर साठ वर्षांच्या चक्रात जागा ठरते. दोन सनांचा मेळ बसत नसेल तर वाचन चुकलं आहे किंवा कागद मागाहून केलेली नक्कल आहे.

जुन्या कागदात घराचं माप खणांत येतं. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. ‘इमारत खण सात’ असं लिहिलेलं असेल तर आजच्या वाड्यातल्या तुळया मोजा. जुळले तर निदान ती सोप्याची (ओसरीची) बाजू मूळची असण्याची शक्यता आहे, आणि दुप्पट भरले तर वाढ कोणत्या बाजूला झाली ते शोधायला लागा.

इमारत काय सांगते

इमारतीचा पुरावा नेहमी ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला. त्यामुळे मंगलोरी कौलांचं छप्पर त्याच्या आधीचं असू शकत नाही. खालचं लाकूड मात्र असू शकतं, कारण नळीची कौलं काढून मंगलोरी घालणं ही अगदी नेहमीची दुरुस्ती होती. कौल उलटं करून पाहा, पोटाला कारखान्याचं नाव आणि कधी सालही उमटवलेलं असतं. लोखंडी गर्डरवरही कारखान्याचं नाव असतं. ‘डॉर्मन लाँग, मिडल्सबरो’ अशी अक्षरं दिसली तर गर्डर विलायतेहून आलेला. देशात सिमेंटचं नियमित उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं. पाया सिमेंटमध्ये आणि वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतील, तर पाया नंतर बांधून घेतला आहे. पातळ, पसरट विटा जुन्या, जाड साच्यातल्या विटा इंग्रजी अंमलातल्या, हा ढोबळ नियम. पण विटा पुन्हा वापरल्या जातात.

लाकूड तर हमखास पुन्हा वापरतात. पडलेल्या वाड्याचे सागवानी खांब विकत घेऊन दुसऱ्या वाड्यात लावण्याची चाल जुनीच आहे. खांबाला निरुपयोगी खाचा दिसल्या, ज्यात आता काहीच बसत नाही, किंवा कोरीव काम मध्येच कापलेलं असलं, की तो खांब दुसरीकडून आला आहे असं धरा. कोरीव खांबावरून वाड्याचं वय सांगणाऱ्यांचं ऐकताना ही खाच आधी शोधावी.

माणसांच्या नोंदी

सगळीकडे लागू असलेला जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्याआधी शहरांत नगरपालिकेची रजिस्टरं, खेड्यांत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. कोतवाल बुकात मुलाचं नाव नसतंच बहुतेकदा, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून या जुन्या मोडी नोंदी मोठ्या प्रमाणावर धुंडाळल्या आणि स्कॅन केल्या गेल्या. अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या गाववार लावलेल्या आहेत. घराचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी ही आयती सोय झाली आहे, जातीच्या दाखल्याशी आपला संबंध असो वा नसो. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि पालकाचं नाव मिळतं. जन्मतारखा मात्र शाळेत घालायच्या सोयीने सांगितलेल्या असतात, जूनमधल्या तारखांकडे जरा संशयानेच पाहावं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की पूर्वजांनी स्वतः केलेल्या नोंदी निघतात. बरोबर कोण आलं होतं, राहणार कुठले, हे त्यात असतं. मूळ गाव चुकीचं सांगितलं तर वही उघडतच नाही, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना कुलदैवत आणि मूळ गाव आधी विचारून घ्या. छापील कुलवृत्तान्त असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्यातली सालं दुसऱ्या कागदाने पडताळल्याशिवाय घेऊ नका. ती बरीचशी पत्राने मागवलेल्या माहितीवरून छापलेली असतात.

नोंदींत एकदम खंड पडला, सगळी माणसं गायब झाली, तर वर्ष पाहा. पुण्यात १८९६-९७ पासूनचा प्लेग, ज्यात लोक वाडे सोडून बाहेर झोपड्यांत गेले. १९४८ च्या सुरुवातीची जाळपोळ, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, ज्यात वाड्यांबरोबर दप्तरंही जळाली. त्याच सुमाराचे वतनं खालसा करणारे कायदे आणि कूळकायदा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली) जमीन गेलेल्या अनेक घराण्यांनी गावातला वाडा गड्याच्या किंवा कुळाच्या हवाली करून शहर गाठलं. पुण्यात नदीकाठच्या पेठांसाठी १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. त्यानंतरची ‘नवीन बांधकाम’ नोंद दिसली की जुना वाडा कुठे गेला हे विचारावं लागत नाही.

कचेरीत आणि भाऊबंदांत

जुन्या मिळकतीचे कागद काढायला लागलात की चुलत घरांत कुजबुज सुरू होते: हा हिस्सा मागणार. ती सुरू होण्याआधीच सगळ्यांना सांगून टाका आणि मिळालेल्या नकलांचे संच वाटा. असे संच वाटले की दुसऱ्याच्या ट्रंकेतले कागदही बाहेर येतात.

कचेरीत ‘रेकॉर्ड नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ आणि ‘अभिलेख जीर्ण असल्याने देता येत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसऱ्या उत्तरात कागद अस्तित्वात असल्याची कबुली आहे, त्यावर अवलोकनाचा अर्ज करता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी वापरा. जिथे नकलेची ठरलेली पद्धत आणि फी आहे तिथे त्या अर्जाला ‘नकलेसाठी स्वतंत्र अर्ज करावा’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

प्रत्येक नोंद वहीत उतरवताना पाच गोष्टी: घटनेचं साल, नोंदीचं साल, कागदाचं नाव, तो कुठल्या कचेरीत कुठल्या खंडात-पानावर आहे, आणि तुम्ही मूळ पाहिलंत की नक्कल. ऐकीव माहितीला वेगळी शाई. हयात माणसांची नावं, त्यांचे दावे, गहाणं हे सगळं वहीत राहू द्या. इंटरनेटवर टाकायच्या मजकुरात ते घालायचं असेल तर ज्याचं त्याला विचारून.